अकरा चिठ्ठ्या

चौथ्या दिवशी सकाळी सहाला डॉक्टर शेवाळे बाईंनी माझ्या हातावर अकरा चिठ्ठ्या मोजून ठेवल्या. केसपेपरांचे कोरे तुकडे, प्रत्येकावर बॉलपेनाने दोन-तीन ओळी.

"आज फेरा लांबचा आहे," त्या म्हणाल्या. "जमेल ना, सलील?"

"पाच वाड्या, अकरा घरं. साधारण सव्वीस किलोमीटर. संध्याकाळी पाचपर्यंत येतो."

"साधारण सव्वीस!" दवाखान्याच्या पायरीवर गुडघ्याला तेल चोळत बसलेले मुळीकतात्या हसले. "आवो, पस्तीस वर्षं ह्या खोऱ्यात टपाल वाटलं मी. मला आजून किलोमीटर ठावं न्हाईत. ह्यानं तीन दिसांत मोजून काढलं."

"तात्या, मोजल्याशिवाय वेळ कसा काढणार?"

"येळ काढायचा नसतो लेकरा, चालायचं असतं. बरं, ऐक. धुमकवाडीत शिरताना काळं कुत्रं हाय, त्याच्याकडं बघायचं न्हाई. वढा वरच्या अंगानं ओलांड, खालच्या अंगाला शेवाळ हाय. आन् सावरघळला जाताना जांभळाच्या झाडापासनं उजवीकडं. डावीकडं गेलास तर सरळ कोकणात उतरशील."

त्यांचे गुडघे गेले नसते तर त्या चिठ्ठ्या त्यांनीच वाटल्या असत्या. त्यांच्या डोक्यातला रस्ता रोज सकाळी ते माझ्या डोक्यात भरत होते.

नऊ वर्षं झाली त्याला. मी तेवीस वर्षांचा होतो. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून ठाण्याहून तीन महिन्यांच्या कंत्राटावर कासरोलीत आलो होतो, विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासायला. सामान म्हणजे दोनशे छोट्या बाटल्यांची एक पेटी. बाटलीत पाणी भरायचं, एक दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाणी पिण्यालायक नाही. इतकं सोपं काम होतं. मग तो पाऊस झाला आणि एका रात्रीत डोंगर तीन ठिकाणी खाली आला. घाटरस्त्याचा दीड किलोमीटरचा तुकडा गेला, त्याच्या कडेला पुरलेली केबल गेली, विजेचे खांब गेले. टॉवरचं डिझेल दुसऱ्या दिवशी संपलं. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्या फोनवरची शेवटची काडी नाहीशी झाली. मी वहीत वेळ लिहिली. वेळा लिहायची मला सवय आहे.

आधी लोक फोन उंच धरून देवळामागच्या टेकाडावर चढले. मग लक्षात आलं की कुणालाच कुणाचा नंबर पाठ नाही. अगदी नवऱ्याचा नाही, मुलाचा नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या सौर पॅनेलपुढे चार्जिंगसाठी रांग लागली. रेंज नाही तर चार्जिंग कशाला, असं मी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "फोटू बघाया." दुसरी एक रोज येऊन मुंबईतल्या मुलाचा जुना मेसेज उघडायची. त्यात एकच शब्द होता, 'पोचलो'. तो वाचून ती घरी जायची.

तोंडी निरोपांचं काय होतं, तेही कळलं. 'खडकोलीत भिंत पडली, कुणाला लागलं नाही' एवढा निरोप तीन तोंडांतून कासरोलीत आला तोपर्यंत तीन माणसं दगावली होती. त्यांतल्या एकाची बहीण ऊर बडवत खडकोलीला पोचली, तर भाऊ अंगणात म्हैस धूत उभा. "काय गं, आज कशी काय वाट चुकलीस?" म्हणाला म्हणे.

हसलो आम्ही त्यावर. पण दुसऱ्याच दिवशी माझ्याकडूनही चूक झाली. एका घरी चिठ्ठी देताना मी आपल्या मनाने जोडलं, "काळजीचं कारण नाही." ती माणसं निवांत राहिली आणि त्यांचा म्हातारा संध्याकाळी गेला.

म्हणून मी नियम केला. निरोप लेखीच घ्यायचा. दारात उभं राहून दोनदा वाचायचा. घरच्या माणसाकडून एकदा जसाच्या तसा म्हणवून घ्यायचा. आणि पदरचा एक शब्दही घालायचा नाही. डॉक्टरबाईंना पद्धत आवडली. "तुझ्या हातून निरोप म्हणजे छापील," त्या म्हणायच्या, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या सकाळी त्यांनी अकरांतली एक चिठ्ठी वर काढून ठेवली.

"सावरघळची. जयसिंग कोकरे. वाटेत कुठं रेंगाळू नकोस, ही पोचायलाच हवी. काल संध्याकाळी आणलाय, तू फेरीवर होतास तेव्हा. दुधाचे कॅन घेऊन आला होता, डेअरीची भिंत पडली. पाच तास पाय भिंतीखाली. पाय वाचेल कदाचित. पण लघवी काळी यायला लागलीय."

"म्हणजे किडनी."

"हं. घाटापलीकडे अँब्युलन्स उभी राहते, सकाळपासून रात्री आठपर्यंत. तिथून अडीच तासांत डायलिसिस मिळेल. पण तुटलेला घाट उचलून पार करायला आठ माणसं लागतात. इथली सगळी माणसं दरडीवर आहेत, आणि प्रत्येकाला आपापला माणूस काढायचाय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "त्याची माणसं आज दिवसाउजेडी आली, तर..."

वाक्य त्यांनी तसंच सोडलं. मी चिठ्ठी वाचली.

'जयसिंग कोकरे. तब्येत गंभीर. आठ माणसे व डोली घेऊन ताबडतोब यावे. — डॉक्टर, कासरोली दवाखाना.'

मी आत जाऊन जयसिंगला पाहिलं नाही. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

पाऊस थांबला होता, पण सगळ्या वाटांवरून पाणी वाहत होतं. धुमकवाडीच्या काळ्या कुत्र्याकडे मी पाहिलं नाही. पहिल्या घरची बाई मला अंगणात बघून तांब्या घेऊन बाहेर आली. मी "पाणी नको" म्हणालो. पाठीवरच्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली होती. खोऱ्यातल्या सतरा विहिरींपैकी पंधरांचं पाणी काळं पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. ते कुणाच्या दारात बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून नुसतं नको म्हणायचो. त्या बाईचा चेहरा एकदम पांढरा पडला. ती भिंतीला टेकली. मी चिठ्ठी वाचली, 'नवरा सुखरूप, हाताला टाके, चार दिवसांनी येईल', तशी ती रडता रडता हसायला लागली. "आसं भ्या घालत्यात व्हय कुनी?" म्हणाली. मला वाटलं, चार दिवसांचा ताण असेल.

सावरघळला पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कोकऱ्यांचं घर वाडीच्या टोकाला, कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. जोत्यावर म्हातारे आप्पा कोकरे दोरी वळत बसले होते. मला बघून त्यांचा हात थांबला. आतून म्हातारी आली, तिच्यामागे तिशीची एक बाई आणि तिचा पदर धरून सात-आठ वर्षांची मुलगी.

"कासरोलीच्या दवाखान्यातनं आलोय. जयसिंग कोकरे यांचं घर हेच ना?"

"हेच. या की, आत या." म्हातारे उठायला लागले. "रंजे, घोंगडी टाक."

"नको. बूट चिखलाचे आहेत. इथूनच सांगतो."

माझे गुडघ्यापर्यंतचे बूट काढायला आणि घालायला मिळून चार मिनिटं जात. अजून सात घरं होती.

म्हातारीने तांब्या पुढे केला. "लांबनं आलासा. घोटभर पानी घ्या आदी."

"पाणी नको."

"च्या टाकू?"

"काहीच नको, आजी. मला पुढं जायचंय."

म्हातारीचा हात तसाच पुढे राहिला. मी चिठ्ठी उघडली आणि वाचली. पुन्हा वाचली. मग आप्पांना म्हणालो, "एकदा म्हणून दाखवता का? म्हणजे चूक राहायला नको."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश, देवळात म्हणावं तसं म्हणाले, "तब्येत गंभीर. आठ मानसं आन् डोली घिऊन ताबडतोब यावं."

एकही शब्द चुकला नव्हता.

जयसिंगची बायको, रंजना, पुढे आली. "बोलत्यात का त्ये?"

मी त्याला पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होती ती काळी लघवी, आणि 'काळजीचं कारण नाही' म्हटलं होतं त्या घरचा म्हातारा. मी म्हणालो, "चिठ्ठीत एवढंच आहे."

"बरं," आप्पा म्हणाले.

म्हातारीने तांब्या उंबऱ्याशी नेला आणि त्यातलं पाणी अंगणात ओतून टाकलं. मी ते पाहिलं. रिकामा तांब्या तिने भिंतीशी उपडा ठेवला. कुणी रडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. किती धीराची माणसं आहेत, असं मनात आलं. आप्पांनी हात जोडले. मीही जोडले आणि निघालो.

जांभळाच्या झाडापर्यंत पोचलो असेन, तेव्हा मागून आवाज आला. बाईमाणसाचा, लांबलचक. मी थांबलो. मुलगा गंभीर आहे म्हटल्यावर घरात रडारड व्हायचीच, असं मनाशी म्हणालो आणि पुढे चालू लागलो. त्या घराच्या नोंदीपुढे वहीत लिहिलं : 'पोचली. ११.१८. पूर्ण.'

संध्याकाळी पाचला पाच मिनिटं असताना मी परत आलो. डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या.

"सावरघळ?"

"अकराला दिली. शब्दशः."

"मग आले का नाहीत अजून? चार तासांची वाट आहे."

"माणसं जमवायला वेळ लागला असेल. येतीलच."

त्यांनी वाटेकडे पाहिलं. "तुला विचारतोय तो. जाऊन ये."

जयसिंग खिडकीजवळच्या खाटेवर होता. पस्तिशीचा, रुंद चेहऱ्याचा माणूस, डाव्या पायाला कमरेपर्यंत पट्ट्या. मला वाटलं होतं, ग्लानीत असेल. तो चक्क उशीला टेकून बसला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी दुधाच्या फॅटवरून हुज्जत घालत होता.

"या, या. तुमी चिठ्ठीवालं न्हवं? सावरघळला गेल्तासा?"

"हो. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"दारात कोन हुतं?"

"तुमचे वडील, आई. आणि..."

"रंजी असंल. काय म्हणाली?"

"विचारलं, बोलतात का."

तो मोठ्याने हसला आणि मधेच पायातल्या कळेने थांबला. "बगा. येरवी म्हनती, तुमी लई बोलता, वाईच गप ऱ्हावा. मग? काय सांगितलंसा?"

नियम केल्यापासून पहिल्यांदा मी एक निरोप बदलला. "सांगितलं, बोलतात म्हणून."

"झ्याक केलंसा." त्याने डोळे मिटले. "मंग आता निघाली असतील. आई गुडघ्यानं आधू, तिला ठेवतील मागं. आप्पा काय थांबायचं न्हाईत. रंजी म्होरं असनार. ती चालाया लागली की मानूस मागं पडतं. आता बगा, धुमकच्या वढ्यावर आली असंल. किती हाय पानी?"

"वरच्या अंगाला मांडीपर्यंत."

"तिला म्हाईत हाय वरचं आंग."

मीही मनात हिशोब करत होतो. अकरा-अठराला निरोप. माणसं गोळा करायला तास. चार तास वाट. साडेचार. पाच वाजून गेले होते.

त्याच्या हातात फोन होता, काच तडकलेला, बंद. "ह्याला वाईच दम देता का? तुमच्या त्या उनाच्या पाटीवर?"

सौर पॅनेलला तो पाटी म्हणत होता. उजेड संपत आला होता, पण बॅटरीत अजून थोडी वीज होती. मी फोन अर्धा तास लावला आणि वीस टक्क्यांवर त्याला आणून दिला. त्याने एक जुना आवाजी मेसेज लावला. एका मुलीचा आवाज आला, घाईघाईचा, "पप्पा, येताना रंगीत खडू आना. पांढरा आनू नका. पांढरा शाळंत आस्तोय."

त्याने तो तीनदा ऐकला. मग विचारलं, "आता हितनं बोललं तर तिकडं जाईल का?"

"आत्ता नाही. फोनमध्येच राहील. टॉवर चालू झाला की आपोआप जाईल."

"मंग ऱ्हाऊ द्या तितंच," तो म्हणाला. फोन तोंडाजवळ नेला आणि माझ्याकडे बघून जरासा लाजला. मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

अंधार पडला. आठ वाजले. घाटापलीकडची गाडी परत गेली असणार. कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जयसिंग गेला. आदल्या मिनिटापर्यंत बोलत होता. नर्सने त्याला चहा दिला, तो म्हणाला, "रातीला वढ्याला पानी जास्त असंल, म्हनून थांबली असतील धुमकला. आता निघाली असतील," आणि कप हातातून सांडला. डॉक्टरबाई वीस मिनिटं त्याच्या छातीवर दाब देत राहिल्या. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय असं अचानक थांबतं. पुस्तकात मी ते वाचलं होतं. नंतर त्या व्हरांड्यातल्या बादलीपाशी बसल्या आणि त्यांनी हात दोनदा साबणाने धुतले. मग तिसऱ्यांदा धुतले.

सावरघळची माणसं दुपारी तीनच्या सुमारास आली. आठ नव्हे, बावीस होती. मी पायरीवर उभा राहून त्यांना वळणावरून येताना पाहिलं. पुढे आप्पा, डोक्याला पांढरा पटका. मागून दोघांच्या खांद्यावर हिरवे कळक, एकाच्या हातात मातीचं मडकं, एकाच्या काखेत घडी न मोडलेलं पांढरं कापड. मध्ये बायका. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कुणी घाईतही नव्हतं.

रंजना माझ्यासमोरून आत गेली. तिच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते, सुकलेल्या रक्ताचे. हातांत एकही बांगडी नव्हती. काल अकरा वाजता हिरव्या बांगड्या होत्या. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

जयसिंग गेल्याचं त्यांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "आप्पा, तुम्ही फार उशीर केलात हो. मी काल दिवसभर..."

"दोन लेकी हायत मला," आप्पा शांतपणे म्हणाले. "लांब दिल्यात. त्यांना सांगावा धाडला, त्या आल्याबिगर भावाला कसं उचलायचं? आता गेलेल्या मानसाला काय घाई." मग जरा थांबून, "कवा गेला वो? काल पहाटं का परवा रातीला?"

"आज," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज सकाळी. पावणेदहाला."

आप्पांना ते कळलं नाही. त्यांनी मान तिरकी केली. "आज?"

"आज."

"मंग काल..." ते हळूहळू वळले. बावीस माणसांतून त्यांनी मला शोधून काढलं. "काल हे आल्तं."

मग आतून रंजनाचा आवाज आला. काल जांभळाच्या झाडापाशी ऐकलेला आवाज नव्हता तो. तिने त्याच्या अंगाला हात लावला असणार. ती ओरडत होती, "आप्पा, आवो ऊन लागतंय! आजून ऊन लागतंय!"

मुळीकतात्यांनी मला दंडाला धरून दवाखान्याच्या मागे नेलं, बाटल्यांच्या पेटीपाशी बसवलं.

"काय केलंस तितं? सगळं सांग."

मी सांगितलं. चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांनी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. काहीही चुकलं नव्हतं.

"आत गेल्तास?"

"नाही. बूट..."

"पानी घेतलंस?"

"नाही."

तात्यांनी कपाळाला हात लावला.

"आरं लेकरा, ह्या खोऱ्यात मेला आसं दारात कुनी म्हनत न्हाई. जास्त हाय, मानसं घिऊन या, आसंच म्हनत्यात. आन् ते सांगणारा उंबरा वलांडत न्हाई, त्या घरचं पानी घेत न्हाई. पानी पिऊन मग सांगितलं तर मानूस जिता. न पिता सांगितलं तर मयत. ल्हान पोराला बी कळतंय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"न्हाई." ते माझ्याशेजारी खाली बसले. "कुत्रं सांगितलं, वढा सांगितला, जांभूळ सांगितलं. ह्ये सांगावं लागंल, आसं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. श्वास घे म्हनून कोन सांगतं का रं कुनाला?"

त्या संध्याकाळी मी वहीत हिशोब मांडला. साडेचारला आले असते. घाट पार करायला अडीच तास. सातला गाडीपाशी. साडेनऊला मशीनवर. तिथून सकाळच्या नऊ-चाळीसपर्यंत बारा तास दहा मिनिटं. मी डॉक्टरबाईंना वही दाखवली आणि विचारलं, वाचला असता का? त्यांनी वही मिटून माझ्या हातात परत दिली. "झोप जा," म्हणाल्या.

पावसानंतर अकराव्या दिवशी वीज आली, टॉवर सुरू झाला. सगळ्या कासरोलीत एकाच वेळी फोन वाजू लागले. इतके दिवस अडकलेले मेसेज पत्र्यावर गारा पडाव्यात तसे येत होते. लोक रस्त्यात उभे राहून हसत होते. माझ्या फोनवर आईचे त्रेसष्ट मेसेज होते. मी 'पोचलो' असं काहीतरी उत्तर लिहिलं, मग खोडलं, आणि 'बरा आहे' असं लिहिलं.

तेराव्या दिवशी मी सावरघळला गेलो. विहिरीचा नमुना घ्यायचा होता. निदान वहीत तसं लिहिलं होतं. बूट मी जांभळाखालीच काढले आणि अनवाणी वाडीत शिरलो. विहिरीवर बाटली भरून पिशवीत ठेवली. मग कोकऱ्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

आप्पा जोत्यावर होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. म्हातारी दिसली नाही. रंजना बाहेर आली. मी काय बोलणार होतो ते वाटभर जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आत या," ती म्हणाली.

मी उंबरा ओलांडला. कोनाड्यात तडकलेल्या काचेचा फोन होता, चार्जरला लावलेला. घोंगडीवर मुलगी पाटी घेऊन बसली होती.

"परवा रेंज आली," रंजना म्हणाली. "दिरानं त्येंचा फोन चालू क्येला. त्यो तितं कोनाड्यात, माझा माझ्या हातात. आन् माझा वाजला. बगितलं तर त्येंचं नाव."

तिने आपला फोन माझ्यापुढे धरला आणि बोट टेकलं. दोन फोनांत सहा हातांचं अंतर होतं. तेवढं अंतर कापायला त्या आवाजाला सात दिवस लागले होते.

'रंजे, निघालीस न्हवं? ते चिठ्ठीवालं म्हनलं, तू इचारत हुतीस बोलतात का. बोलतोय की गं, बोलायला काय धाड भरलीय? वढा वरनं वलांड. घाई करू नगंस, मी हाय हितंच. आन् प्राचीला सांग, खडू घेतल्यात. कॅनाच्या पिशवीत हायत, भिजलं नसतील.'

मुलीच्या पाटीवर निळा आणि लाल खडू होता. पांढरा नव्हता.

रंजनाने फोन खाली ठेवला. "एकच इचारायचं हुतं," ती म्हणाली. "ह्यात म्हनत्यात, तुमी त्येंना सांगितलं मी काय इचारलं ते. मंग मला का न्हाई सांगितलंसा, बोलत्यात म्हनून?"

"मी तेव्हा त्यांना पाहिलं नव्हतं."

"आन् त्येंला काय सांगितलंसा, मला काय सांगितलं म्हनून?"

मी सांगितलं. खोटं बोललो होतो, तेही सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

मग ती उठली. रांजणातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. बाहेर आप्पांनी मान वळवून आत पाहिलं.

"पानी घ्या," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि सगळा प्यायलो, तळापर्यंत. पाण्याला मातीचा वास होता. रिकामा तांब्या मी सरळ ठेवला.

त्या विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतून काढून पाहिली. काळीकुट्ट झाली होती. वहीत वेळ लिहिली, सात वाजून पाच मिनिटं, आणि पुढच्या वाडीला निघालो. पाठीवरच्या पिशवीत त्या दिवशी पाण्याची बाटली नव्हती.